बिनवशिंडाचा गोऱ्हा

कळंबोद्याच्या ढोरांच्या दवाखान्याला कुंपण नव्हतं, फाटक मात्र होतं. एका वर्षी फाटक बसलं, तारेचं कुंपण पुढच्या वर्षी यायचं होतं, ते आलंच नाही. एकोणीसशे नव्वदच्या चैत्रात एका सकाळी तोताराम सायकलवरून उतरला, तेव्हा त्या फाटकाला तांबूस रंगाचा एक गोऱ्हा बांधलेला होता. दोर इतका आखूड होता की बिचाऱ्याला धड बसताही येत नव्हतं.

तोतारामने सायकल भिंतीला टेकवली, रुमालाने मान पुसली आणि नुसता बघत उभा राहिला. त्या वर्षातला हा चौथा.

तोताराम हा काही डॉक्टर नव्हे. तो पशुधन पर्यवेक्षक. पण अमळनेर तालुक्यातल्या त्या दहा-बारा गावांत त्याला सगळे डॉक्टरभाऊच म्हणत. मूळचा यावलकडचा, नोकरी लागली तशी इकडेच मुरला. पहिली काही वर्षं लाळ-खुरकताच्या लशी टोचण्यात गेली. मग संकरित गायींची योजना आली आणि त्याच्या हातात नायट्रोजनची टाकी आली. झाकण उघडलं की धूर निघायचा, गावची पोरं बघायला जमायची. आधी जर्सी वळूच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या, मग होल्स्टनच्या. गाय माजावर आली की लोक तिला खोड्यात आणून उभी करत, आणि तोताराम कोपरापर्यंत मोजा चढवून ती भरवत असे. शेरभर दूध देणाऱ्या गावठी गायीच्या पोटी बादली भरणारी कालवड जन्मली, की लोक खरवस घेऊन त्याच्या घरी येत. त्याचं नाव झालं.

पण निम्म्या वेळेला कालवड होत नाही, गोऱ्हा होतो. गावठी गोऱ्हा असला तर घर खूश, चार वर्षांत औताला बैल तयार. या संकरित गोऱ्ह्याला मात्र वशिंडच नसतं. जू मानेवर ठरत नाही, पुढे घसरतं. ऊन सोसत नाही, अकरा वाजले की जीभ बाहेर. मग त्याचं करायचं काय? याचं उत्तर योजनेच्या पुस्तकात कुठे दिलेलं नव्हतं. लोकांनी आपापलं उत्तर शोधलं होतं. आईचं दूध तोडायचं, वाळल्या कडब्यावर ठेवायचा. महिन्या-दीड महिन्यात तो आपोआप जातो. मारला असं कुणाला म्हणता येत नाही. ज्यांना तेही बघवत नसे, ते दवाखान्याच्या फाटकाला आणून बांधत.

त्या वर्षीचा पहिला आला तेव्हा तोतारामने शिपायाला सांगितलं होतं, "हाकलून दे." शिपायाने हाकलला. तो तीन दिवस बोरी नदीच्या कोरड्या पात्रात फिरत राहिला आणि चौथ्या दिवशी कुत्र्यांनी त्याला धरलं. तोताराम त्याच वाटेने दुसऱ्या गावाला चालला होता. त्याने सायकल थांबवली नाही. दुसऱ्याला एक व्यापारी घेऊन गेला. तिसऱ्याला त्याने धुळे रस्त्यावरच्या एका पांजरपोळात पोचवलं. महिन्याभराने सहज डोकावला, तर शेडच्या कोपऱ्यात तसलेच दहा-बारा एका ओळीत आडवे पडलेले. तिथला म्हातारा कारभारी चांगला माणूस होता. म्हणाला, "आम्ही कुणाला मारत नाही भाऊ. ते मरतात." आणि पाण्याची बादली घेऊन पुढे गेला.

या चौथ्याच्या कपाळावर बोटभर पांढरा ठिपका होता. तोतारामला रजिस्टर बघायची गरज पडली नाही. अगदी असाच ठिपका द्रौपदाबाईच्या गायीच्या कपाळावर होता. त्याने दोर सोडला आणि गोऱ्ह्याला घेऊन पायीच निघाला.

द्रौपदाबाईचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला. दीड मैल काही लांब नाही, पण गोऱ्हा दर शंभर पावलांवर थांबे. थांबला की तोतारामही थांबे. नऊ वाजताच ऊन डोक्यावर चढलं होतं. शेवटच्या चढाला त्याने गोऱ्ह्याला मागून रेटलं, तेव्हा त्याच्या बरगड्या हाताला एकेक लागल्या.

द्रौपदाबाई ओट्यावर ढेप भिजवत होती. तिने वर बघितलं आणि हात तसेच पाटीत ठेवले.

"तुम्ही त्याले परत लई येनात," ती म्हणाली.

"तुमचाच आहे, अक्का."

"मनाच शे. मीच बांधा त्याले. चोरी नही करी मी." तिने हात झटकले. "भाऊ, तुम्ही सांगेल व्हतं, कालवड व्हई."

"होईल असं म्हटलं नव्हतं. होऊ शकते, असं म्हटलं होतं."

"आम्हाले तितलंच ऐकू येस." ती हसली नाही. "गाय आठ लिटर देस. डेरीनी गाडी सातले येस. दोन्ही पोरी त्यानावर शाळामा जातस. हाऊ पेस ते डेरीले काय घालू?"

तोताराम ओट्याच्या कडेला टेकला. आत गाय हंबरली. गोऱ्ह्याचे कान उभे राहिले. तो दोराला ओढ देऊ लागला. द्रौपदाबाईने एकदा गोठ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"कसाईले दिसू? नही भाऊ, मनाकडथीन व्हत नही. घरमा उपाशी ठेऊ? चार दिन ठेवा. रातदिन वरडे. मना मालक शेतमा जाईसन झोपे. पाचवा दिन मी त्याले उचला नि तुमना फाटकले बांधा. तुम्ही शिकेल माणूस. तुमनाच हातनं जनावर. तुम्ही सांगा, काय करू?"

ती भांडत नव्हती. खरोखरच विचारत होती. तिने उठून घमेल्यात पाणी आणलं. गोऱ्हा सगळं प्याला, घमेलं चाटलं, मग तिचे ओले हात चाटू लागला. तिने हात काढून घेतले आणि आत गेली ती बाहेर आली नाही.

तोतारामने पुन्हा दोर धरला.

आठवडे बाजाराचा दिवस होता. ओळखीच्या बैलगाडीत गोऱ्ह्याला घालून तो अमळनेरला गेला. ढोरबाजारात चिंधा दलाल त्याच्या चांगल्या परिचयाचा होता. कित्येकदा त्याने चिंधाच्या म्हशींना सलाईन लावलं होतं. चिंधाने गोऱ्ह्याची पाठ दाबून बघितली.

"याच्यात काय शे भाऊ? हाडं शेत. पण तुमनं जनावर, नही कसं म्हणू. सोडा आठे. कोठे जास ते विचारू नका, म्हणजे तुमले झोप लागी."

मागे एक टेम्पो उभा होता. त्यात तसलेच वीस-पंचवीस, पाय बांधून एकावर एक रचलेले. वरच्याचं डोकं फळीबाहेर लोंबत होतं. डोळे उघडे होते. तोतारामने दोर पुढे केलाच होता. चिंधाने तो हातात घेतलासुद्धा होता.

"राहू दे," तोताराम म्हणाला.

"अहो भाऊ, किती वाचाडशात?"

"वाचवत नाही रे. आज जमत नाही, एवढंच."

चिंधाने दोर परत दिला. त्याला राग आला नाही. दिवसातून एक-दोन माणसं अशी परत फिरतात, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा येतात, हे त्याला ठाऊक होतं.

सायंकाळी तोतारामची बायको सुनंदाबाई यांनी दारातला गोऱ्हा बघितला. नवऱ्याला पाणी दिलं, गोऱ्ह्यापुढे शिळ्या भाकरीचे तुकडे टाकले, मग म्हणाल्या, "आजवर तुम्ही हजारांनी गायी भरवल्या. त्यांचे सगळे गोऱ्हे आता आपल्याच दारात बांधायचे का?"

"नाही."

"मग हा एकच का?"

त्याला फार थकवा आला होता. तो जेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

गोऱ्हा आठ दिवस दारात राहिला. नवव्या दिवशी भिका बैलाच्या खांद्यावरचं औषध मागायला आला. भिकाचं घर बुद्धविहाराच्या मागे. दोन एकर कोरडवाहू आणि एकच बैल. जोडीतला दुसरा आदल्या पावसाळ्यात साप चावून गेलेला. जोड मिळेपर्यंत सावडीवर दुसऱ्याचा बैल आणायचा, त्याच्या शेतात दोन दिवस राबायचं आणि मग आपलं एक दिवस. एकाच बैलावर भार पडून त्याचा खांदा सुजून आला होता.

तोताराम मलम शोधत होता, तोवर भिकाने गोऱ्ह्याभोवती एक चक्कर मारली. खूर बघितले. पाय दाबले.

"हाऊ कोणा?"

"कुणाचाच नाही."

"मंग माले द्या."

तोताराम थबकला. "भिका, याला वशिंड नाही. जू ठरत नाही. उन्हात बसतो. गाव हसेल तुला."

"गाव हसाले माले बैल लागत नही. ते तसंबी हसस." भिका बोलताना हसत नसे, त्यामुळे समोरच्याला हसावं की नाही कळत नसे. "भाऊ, मना बा गावनं मरेल ढोर ओढी नेये. आम्ही ते काम सोडं, मंग बठ्ठं गाव दोन साल बोलं नही. आते कोणी जित्तं ढोर दी राहिनं. नही कसाले म्हणू?"

तोतारामने मलमाची डबी त्याच्या हातात दिली आणि दोरही.

त्यानंतर जे झालं ते सावकाश झालं. गोऱ्हा जगला. भिकाची बायको रुक्माबाई मजुरीला जाई त्या बांधावरचं गवत कापून आणी. गावच्या गायरानात काटेरी बाभळीशिवाय काही उरलेलंच नव्हतं. दीड वर्षाचा झाल्यावर तोतारामने चिमटा लावून त्याला खच्ची केला. तीन वर्षांचा होताच भिकाने त्याला पहिल्यांदा वखराला जुंपला. गाव खरंच हसलं. जू चार पावलांवर कानांपर्यंत आलं, गोऱ्हा मान खाली घालून उभा. भिकाने जू सोडलं, सुताराकडे नेलं आणि ती बाजू खोलगट तासून घेतली. गोणपाटाची गादी शिवली, गळ्याखालून रुंद पट्टा घेतला. तरी घसरायचं, पण कमी.

बैल ताकदीचा निघाला. सकाळी सहाला जुंपला की गावठी जोडीदार मागे पडेल इतका चाले. दहा वाजले की मात्र संपलं. धापा टाकी, तोंडाला फेस येई, आणि वखराच्या तासातच बसे. भिका चाबूक वापरत नसे. तो जोडी सोडून निंबाखाली जाऊन बसे. "अर्धा दिनना बैल शे," विचारणाऱ्याला सांगे. "अर्धा दिन मी बी म्हातारा शे." सावड मात्र सुटली होती.

तोताराम अधूनमधून तिकडे जाई. त्याला बरं वाटत असे, पण फार नाही. एकाला भिका मिळाला. बाकीच्यांना कोण मिळणार होतं?

त्याच सुमाराला त्याला एक खोड लागली. गाय खोड्यात उभी राहिली, मोजा चढवला, की तो मालकाला विचारी, "गोऱ्हा झाला तर काय करणार?"

एवढंच. पुढे काही शिकवत नसे. पण लोक गडबडत. कुणी म्हणे, "बघू नंतर." कुणी चिडे, "तुमले काय करनं शे?" एका म्हाताऱ्याने काही न बोलता गाय सोडली आणि पाटलाच्या गावठी वळूकडे नेली. दोघं-तिघं त्याच्या मागे गेले. साल संपलं तेव्हा तोतारामचं गायी भरवण्याचं सरकारी उद्दिष्ट निम्मंच पुरं झालं होतं.

अमळनेरच्या तालुका कार्यालयातून बोलावणं आलं. साहेब तरुण होते, नागपूरला शिकलेले. कामाला चोख, आवाज चढवत नसत.

"तोताराम, तालुक्यात तुम्ही पहिले होता. यंदा शेवटून दुसरे. कांड्या खराब येतात का?"

"नाही साहेब."

"मग? तुम्ही म्हणे गायी भरवण्याआधी लोकांना प्रश्न विचारता."

"एकच विचारतो."

"आपलं काम विचारायचं नाही. दूध वाढलंय की नाही तालुक्यात? बायकांच्या हातात दोन पैसे आलेत की नाही?"

"आलेत साहेब. खोटं कशाला बोलू? द्रौपदाबाईची थोरली पोरगी कॉलेजात गेली, ती त्या गायीवरच."

"मग झालं तर."

तोताराम टेबलावरच्या छापील तक्त्याकडे बघत होता. "साहेब, यात जन्मलेल्या वासरांचा रकाना आहे. नर इतके, मादी इतक्या. दोन्ही आम्ही भरतो. पण नर पुढे जातात कुठे, त्याला रकाना नाही. एकदा तरी कुणी विचारलं, तर मी लिहीन."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. खिडकीबाहेर तेलगिरणीचा भोंगा वाजला.

"मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला?" साहेब हळू म्हणाले. "मी रोज बाजारावरून येतो. तुमच्या नोकरीचं किती राहिलं?"

"दोन वर्षं."

"मग दोन वर्षं विचारू नका. मी विनंती करतो असं समजा."

तोतारामने मान हलवली. तिच्यातून हो की नाही, साहेबांना कळलं नाही. खरं तर तोतारामलाही कळलं नव्हतं. पण परतल्यावर त्याने विचारायचं सोडलं. ठरवून नव्हे. पुढच्या आठवड्यात एक बाई चार कोसांवरून गाय हाकत आली, उन्हाने लाल झालेली, कडेवर पोर. तिला विचारावं असं त्याला वाटलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या माघात द्रौपदाबाईची गाय अडली. दुपारी तिचा नवरा जीवराम पळत आला. तोताराम गेला तेव्हा गाय तासाभरापासून आडवी पडलेली, वासराचा एकच पाय बाहेर आणि गाय कळा द्यायचीसुद्धा थांबलेली. गावठी गायीच्या पोटात केवढं तरी वासरू. हे त्याच्या कामातलं नेहमीचं दुखणं. त्याने शर्ट काढला, हाताला गोडंतेल चोपडलं आणि मातीत आडवा झाला. मुडपलेला पाय सापडायला अर्धा तास लागला. तो सरळ करून दोर बांधला, जीवराम आणि शेजारचा एक गडी ओढायला लागले. तोतारामचा स्वतःचा हात खांद्यापासून बधिर झाला होता. अखेर वासरू एकदम सरकून त्याच्या मांडीवर आलं, ऊन ऊन, चिकट, निपचित.

"काय शे?" द्रौपदाबाईने गायीच्या डोक्याकडून विचारलं. तिने गायीचं तोंड मांडीवर घेतलं होतं.

तोतारामने शेपटी उचलली.

"गोऱ्हा."

जीवराम उठला आणि हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेला. शेजारचा गडीही त्याच्या मागे गेला. गोऱ्ह्याचं नाक पडद्याने झाकलेलं होतं. छाती हलत नव्हती. तोतारामला तीस वर्षांचा अनुभव होता. एवढ्या वेळात काय करायचं असतं ते त्याचे हात डोक्याच्या आधी करत. आज हात थांबले. नुसतं बसून राहायचं होतं, पाच-सात श्वासांपुरतं. कुणी दोष दिला नसता. अडलेल्या गायीचं वासरू मेलेलं निघणं यात नवल ते काय? उपास, फाटक, टेम्पो, सगळंच टळलं असतं. आणि ते इतकं सोपं होतं की त्याला स्वतःची भीती वाटली.

द्रौपदाबाई त्याच्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. ती "वाचवा"ही म्हणाली नाही आणि "राहू द्या"ही म्हणाली नाही.

मग गायीने मान वळवली आणि मागे काय पडलंय ते हुंगायचा प्रयत्न केला. उठता येत नव्हतं तिला. तिने नाकातून बारीक आवाज काढला, वासराला बोलावताना काढतात तसा.

तोतारामने शिवी हासडली. कुणाला ते सांगता येणार नाही. नाकावरचा पडदा फाडला, तोंडात बोटं घालून चिकटा काढला, मागचे पाय धरून गोऱ्ह्याला उलटा टांगला. कडब्याची काडी नाकपुडीत घातली. काही नाही. गोणपाटाने बरगड्या खसाखसा चोळल्या. पुन्हा काडी. गोऱ्हा शिंकला, थरथरला आणि श्वास घेतला.

द्रौपदाबाईने त्याला ओढत गायीच्या तोंडाशी नेलं. गाय चाटू लागली. बाई पदराने डोळे पुसत होती की घाम, ते तोतारामने बघितलं नाही. त्याने हात धुतले, शर्ट घातला. बटणं लावताना बोटं वळेनात, तेव्हा जीवरामनेच येऊन लावून दिली.

"दिवाळीलोंग ठेवसू," द्रौपदाबाई म्हणाली. "त्यानापुढे नही सांगत भाऊ."

"बरं," तोताराम म्हणाला.

तिने शब्द पाळला, उलट पाच महिने जास्तच ठेवला. भिकाला विचारून बघितलं. पण त्याच्याकडे दोन ढोरांचाच चारा जेमतेम पुरत होता, तिसरं कुठून पोसणार?

तोताराम निवृत्त व्हायच्या आधी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, शेवटचं लसीकरण करत तिच्या दारात आला. सासरहून आलेल्या गावातल्या पोरींचे झोके अजून निंबाला टांगलेले होते. गोठ्यात गाय होती, एक कालवड होती. तिसऱ्या खुंट्याचा दोर गुंडाळून भिंतीला अडकवला होता. त्याने बघितलं आणि विचारलं नाही. गायीला लस टोचली, कालवडीला टोचली, कार्डावर तारीख टाकली.

"चिंधा लई गया," द्रौपदाबाई आपणहून म्हणाली. "चैतमा. चारा सरी गयथा. कडबा कोठेच मिळेना. मी मालकले नही धाडं. मीच दोर धरीसन बाजारलोंग गऊ. म्हटलं, करनं शे ते आपला हातनी करो. दुसराना फाटकले कसाले बांधू?"

तोतारामने सुई पुसून डब्यात ठेवली. तिला रागवायला हवं, की तिचं सांत्वन करायला हवं, हे त्याला ठरवता येईना. दोन्हींपैकी एकही करण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. खालच्या शिवारातून भिकाची हाक ऐकू आली. त्याने जोडी सोडली असणार, दहा वाजून गेले होते.

"भाऊ, तुम्ही काहीच बोलत नही."

"काय बोलू, अक्का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग च्या तरी पी जा. ऊन भलतं शे."

"घेतो," तो म्हणाला, पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर सावलीकडे सरकून बसला.